कांद्याला घाबरा, गव्हाला नको?

पार्क चौकातल्या कट्ट्यावर मल्लूनं मोबाइल नाचवत जाहीर केलं, "लासलगावला कांद्यावर कोबाल्टचे किरण सोडतात बे! तो कांदा खायचा म्हणजे पोटात अणुबॉम्ब."

"एक्स-रे काढून आलास तेव्हा अंधारात चमकत होतास काय?" रफिक म्हणाला. "कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण आरपार जातात, कोंब मरतो, कांदा टिकतो. कोबाल्ट कांद्याला शिवतसुद्धा नाही."

"मग चेर्नोबिल?"

"तिथं अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी धूळच पडली शेतावर. १९८६ ची गोष्ट. त्या धुळीतलं सीझियम-१३७ पोटॅशियमसारखं वागतं, म्हणून मुळं ते ओढून घेतात. निम्मं व्हायलाच तीस वर्षं. आणि पोटॅशियमचं म्हणशील तर त्यातलं थोडं जन्मजात किरणोत्सारी असतं. भाकरीतही आहे, तुझ्यातही."

मल्लूनं स्वतःच्या पोटाकडे संशयानं पाहिलं.

माझं मत विचाराल तर किरणांचं नाव काढलं की सगळे दचकतात, धातू मात्र गुपचूप ताटात येतो. जपानात तोयामाकडं जिंझू नदीत खाणीचं कॅडमियम उतरलं, ते पाणी भातशेतीत गेलं. तो भात वर्षानुवर्षं खाऊन बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडायची. कारण कॅडमियमच, हे सरकारनं मान्य केलं १९६८ मध्ये.

"आपली मालदांडी ज्वारी तरी चोख," मल्लू म्हणाला. मंगळवेढ्याचा विषय आला की त्याची छाती फुगतेच.

रफिकनं यावर मान डोलावली. चुनखडीच्या काळ्या रानात कॅडमियम मातीलाच धरून राहतं, आंबट जमिनीत सुटतं. सुपर फॉस्फेटमधून ते थोडं येतं खरं, पण कोरडवाहू ज्वारीला खत असतं किती? नाल्याच्या पाण्यावरचा पालक मात्र वेगळा. पानावरची धूळ धुतली जाते, मुळातून चढलेलं धुऊन जात नाही.

इतका वेळ गप्प असलेले अण्णा आता बोलले. "शेगावचं विसरलात? २०२४ संपता संपता गावंच्या गावं टकली व्हायला लागली. डॉ. बावस्करांनी पंजाबाकडून आलेल्या रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडं बोट दाखवलं."

"सेलेनियम धातू नाही, अण्णा," रफिक म्हणाला.

"धातूचा चुलतभाऊ धर. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला काही जमिनीतच ते जास्त आहे. खरेदीला ओल बघतात, कीड बघतात, तुटका दाणा बघतात. सेलेनियम काय डोळ्याला दिसतंय?"

"मग गहू-ज्वारी आलटून पालटून खायची. एकाच रानाचं रोज पोटात जायला नको," रफिक म्हणाला.

"ज्वारीचा भाव बघितलास का? रेशनवर जगणाऱ्याला सांग जाऊन आलटून पालटून खा म्हणून!" अण्णा म्हणाले.

मल्लू चिडला. "निदान पोतं कुठल्या राज्यातून आलं ते तरी दुकानाच्या फळ्यावर लिहा की."

"लिहून काय होणार? घ्यायचं तेच पोतं," अण्णा म्हणाले.

"घेऊ दे," रफिक म्हणाला. "केस गळायला लागल्यावर डॉक्टरला शोधायचं कुठनं, तेवढं तरी कळंल."