रोख नको, अंकल!

उजवा खांदा आखडलाय. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये फिजिओंना तोटा नाही, पण मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा) म्हटलं की फोनवरचा आवाज एकदम थंड. काल शेवटी घराजवळच्या क्लिनिकात जाऊनच धडकलो.

काउंटरवर हसतमुख गुजराती मुलगी. ‘सॉरी अंकल, आम्ही मेडिकेअर घेत नाही.’

‘मग रोख देतो.’

‘छे छे! रोख तर अजिबात नको!’

अमेरिकेत पैसे नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. तिनं समजावलं: डॉक्टरांना मेडिकेअरमधून रीतसर बाहेर पडून पेशंटकडून थेट पैसे घेता येतात. फिजिओंना कायद्यानं ती मुभाच नाही.

‘तुम्ही चौसष्टचे असतात ना, तर आजच बसवलं असतं.’

‘होतो की! पण तेव्हा खांदा ठणठणीत होता.’

‘तेव्हाच यायचं ना, अंकल.’

‘बरं, माझ्याकडे मेडिकेअरचं कार्ड नाही असं समज.’

‘कसं समजू? फॉर्मवर जन्मतारीख लिहिलीत.’ मग मलाच दया दाखवत म्हणाली, ‘आमचा फिटनेसचा क्लास आहे. त्याला रोख चालते. मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही ना, म्हणून.’

‘त्यात खांदा सुटेल?’

ती दचकली. ‘खांद्याचं नाव काढू नका! तो इलाज झाला. इलाज सोडून काहीही करून देऊ.’

नोकरीभर प्रत्येक पगारातून १.४५ टक्के मेडिकेअरचा कर कापला गेला. तेव्हा कुणी ‘नको, अंकल’ म्हणालं नाही. दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, प्लॅन बदलायच्या मुदतीत, टीव्हीवर पांढऱ्या केसांची जोडपी टेनिस खेळत मेडिकेअरचेच, पण खाजगी कंपन्यांनी चालवलेले ॲडव्हान्टेज प्लॅन विकतात. त्यांचे खांदे कोण बघतं, ते एकदा सांगा म्हणावं. फिजिओंचा तरी काय दोष? सरकारनं २०२१ पासून सलग पाच वर्षं त्यांचे मेडिकेअरचे दर कापले. भांडण त्यांचं आणि वॉशिंग्टनचं, शर्टाच्या बाहीत अडकून पडतो मी.

रात्री पुण्याला धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘इकडे ये की. आमच्या कोपऱ्यावरचा फिजिओ घरी येतो.’

‘अरे, मेडिकेअर भारतात चालत नाही.’

‘नाही ना? मग झालं तर. तो रोखच घेतो, दादा.’