करारात हक्कांची अट आली म्हणून बेळगाव बुडत नाही

बेळगाव-निपाणीकडच्या उद्योजकांत आणि ऊसवाल्यांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्यापार करारांत मानवी हक्कांच्या अटी घालणं हा आपला माल अडवायचा गोऱ्यांचा डाव आहे, हक्क सांभाळणं हे सरकारचं काम, कंपनीचं नव्हे, आणि या अटी आल्या की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने), अथणीची चप्पल, निपाणीची विडी सगळं बसणार. उद्यमबागेत परदेशी गिऱ्हाइकांची कागदपत्रं बघण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे मला यावर गप्प बसवत नाही.

आधी डावाचं बघू. संशय अगदीच खोटा नाही. 1996 साली सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत भारतासह अनेक विकसनशील देशांनी हीच भीती मांडली होती, आणि कामगारांच्या मानकांआडून आपापल्या बाजारपेठा बंद करता येणार नाहीत, हे जाहीरनाम्यात आलं. पण ज्याला माल अडवायचाच आहे त्याला हक्कांचं निमित्त कशाला लागतं? 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला, तो काही कामगारांच्या कळवळ्याने नव्हे. उलट सक्तीच्या मजुरीतून बनलेल्या मालावर बंदी घालणारा युरोपचा 2024 चा कायदा डिसेंबर 2027 पासून लागू होईल, तेव्हा तो युरोपात बनलेल्या मालालाही लागणार आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडची पिळवणूक शोधून थांबवावी, असा दुसरा कायदाही त्याच वर्षी झाला. तो तर तिथल्याच कंपन्यांना इतका झोंबला की त्यांनी ओरड करून तो पातळ करून घेतला.

शिवाय या अटींत परकं असं काय आहे? वेठबिगारीला आपल्या घटनेच्या 23 व्या कलमानेच बंदी आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांची बांधकामं चालू होती तेव्हा, 1982 साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरीच आहे.

आता ‘हे सरकारचं काम’. सीमाभागात राहणाऱ्या माणसाने तरी हे म्हणू नये. कुठल्या सरकारचं? बीडकडच्या गावात मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो, म्हणजे व्यवहार महाराष्ट्रात झाला. तोड अथणी-चिकोडीच्या फडात, म्हणजे काम कर्नाटकात. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापतात, म्हणून बाई अंगावर दुखणं काढत मोळ्या बांधते. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा यायचं. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून इतका गदारोळ झाला की महाराष्ट्र सरकारला समिती नेमावी लागली. पण त्याच बायका हंगामात जिथे राबतात ते फड आपल्याकडेही आहेत. कारखान्याला विचारलं तर तो म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी. तक्रार घेऊन जायचं म्हटलं तर दोन्ही राज्यं एकमेकांकडे बोट दाखवतात. साखर मात्र कुठल्याच सीमेवर अडत नाही, ती थेट शीतपेयाच्या बाटलीत जाऊन पोचते. ती बाटली विकणाऱ्या कंपनीचा हात कारखान्यापर्यंत पोचतो, आणि कारखान्याचा मुकादमापर्यंत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने 2011 साली मान्य केलेली तत्त्वं नेमकं हेच सांगतात: संरक्षणाचं कर्तव्य सरकारचं, पण सरकार कमी पडलं म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. आपल्या केंद्र सरकारनेही 2019 मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

‘अटी आल्या तर’ म्हणण्यातही अर्थ नाही, कारण त्या आलेल्याच आहेत. स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाबरोबरचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. ब्रिटनबरोबरच्या करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. दोन्हींत कामगारांविषयीची कलमं आहेत.

राहिला रोजगार. हा मुद्दा मात्र मला खरोखर जड वाटतो. 1999 मध्ये अमेरिकेने कर्नाटकातल्याच एका विडी कंपनीचा माल बालमजुरीच्या कारणावरून अडवला. पण विडी वळणाऱ्या बाईला पैसे दर हजार विड्यांमागे मिळतात, आणि तेवढ्यात भागत नाही म्हणून पोरगी शेजारी बसून पानं कापते. माल बंदरात अडवून त्या हजाराचा दर एका पैशानेही वाढत नाही. नुसती बंदी म्हणजे धोरण नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे.

माझ्या टेबलावर येणाऱ्या फॉर्मचंही तेच. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या, कामगाराला मास्क देता का, नोंद ठेवता का, सही करा. त्याच गिऱ्हाइकाचा पुढचा मेल येतो तो दर उतरवा म्हणून. ग्राइंडरखालून उडणारी वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते. ती ओढून घेणारी यंत्रणा बसवायला पैसे लागतात, आणि आठ-दहा माणसांच्या युनिटने ते दर उतरवून कुठून आणायचे?

म्हणून करारातून अटी काढा अशी मागणी करण्यात आपलंच नुकसान आहे. या अटी परदेशी खरेदीदारावरही बसवा, असं आपल्या संघटनांनी दिल्लीला लिहून कळवायला हवं. किमान वेतन आणि सुरक्षेचा खर्च दरात धरलेला असावा. माल तयार झाल्यावर ऑर्डर मोडली तर भरपाई मिळावी. आणि फडातल्या किंवा भट्टीवरच्या माणसाला थेट त्या कंपनीकडे मराठीत, कन्नडमध्ये तक्रार करता यावी, मुकादमाला न विचारता.