हजार फुटांवर थांबू नका

भाऊ, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा आहे आणि तुमचा बोर अजून सहाशे फुटांवरच असेल, तर चारचौघांत बोलू नका. शेजारी नऊशेवर गेला. पाणी त्यालाही नाही, तुम्हालाही नाही, पण मान त्याचा मोठा.

आदर्श ठेवायचा तर रशियातल्या कोलाचा ठेवा. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० साली तिथे भोक पाडायला घेतलं आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खाली गेले. चाळीस हजार फुटांच्या वर! रुंदी जेमतेम २३ सेंटीमीटर. तळाशी १०० अंश तापमान असेल असं वाटलं होतं, निघालं १८०. खडकच मऊ पडायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी हात टेकले. तुमच्या बोरातून अजून राखाडी भुकटी उडते ना? मग खडक टणक आहे, चालू द्या. शिवाय कोलाला कित्येक किलोमीटर खाली पाणीही सापडलं, कोणी शोधत नसताना. तेव्हा पाणी पाहणारा तळहातावर नारळ उभा करून "लागते नं भाऊ, अजून शंभर टाका" म्हणतो, त्याला अडाणी समजू नका. खोलीबरोबर फुटाचा भाव चढतो, हेही मनावर घेऊ नका. बोर मारणाऱ्या गाडीचा एजंट रात्री दोन वाजता टॉर्च धरून वहीत रॉड मांडतोच आहे. हिशोब त्याला करू द्या.

इंग्लंडात वुडिंगडीनला १८५८ ते १८६२ अशी चार वर्षं माणसांनी हातांनी विहीर खणली, ३९२ मीटर. पण तिला पाणी लागलं, म्हणून आपल्या स्पर्धेतून ती बाद.

रुंद खड्ड्याची हौस असेल तर वणी-चंद्रपूरकडे शेत घ्या. तिथे खणावंही लागत नाही. सातबारा दिला की कोळशासाठी खड्डा आपोआप होतो, बाजूला मातीचा डोंगर फुकट.

कायद्याला भ्यायचं कारण नाही. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत खरी, पण ती मीटरमध्ये. आपण फुटात मोजतो. आणि कोणी शेततळं, नाल्यावरचा बंधारा, पाणी जिरवणं असलं काही सुचवलं तर हसून सोडा. पाणी वरून पडतं ही आजोबांच्या काळची समजूत.

बोर कोरडा गेला की तोंडावर गोणपाट टाका, वर एक दगड. कोलाच्या भोकावर लोखंडी झाकण बोल्टांनी आवळलेलं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली सोडून दिलेले बोर बुजवायला सांगितलं. पण बुजवायला मुरूम लागतो, ट्रॅक्टर लागतो. त्यापेक्षा बोरातला केसिंग पाइप उपसून विका, तेवढीच धुऱ्यापलीकडच्या पुढच्या बोरला मदत.