बी-703 मध्ये नक्की कोण राहतं?

सोसायटीचे सेक्रेटरी झाल्याबद्दल अभिनंदन! टँकर, लिफ्ट, गळती असल्या फुटकळ गोष्टी होत राहतील. (नाही झाल्या तरी वाकडकरांना सवय आहे.) तुमचं खरं काम बी-703. दोन मुलं, दोन मुली, लग्न कुणाचंच नाही.

आधी पुरावे गोळा करा. दारातल्या चपला मोजा, सकाळी सातला आणि रात्री अकराला. नऊ नंबरच्या फ्लोटर्सला खेटून नाजूक कोल्हापुरी दिसली की फोटो काढा. ड्राय बाल्कनीतली दोरीही बघा. ओढणी आणि बर्मुडा एकाच चिमट्यात असतील तर प्रकरण गंभीर आहे. घरात चिमटे कमी असतील, असले विचार मनात आणू नका.

मग शब्द. इथेच आधीच्या सेक्रेटरींनी मार खाल्ला. ते मीटिंगमध्ये 'संस्कृती' म्हणाले आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. पूर्वी बरं होतं. एजंटच दरडावायचा, "फॅमिली असेल तरच बोला," आणि पोरं निमूटपणे मावसभाऊ-मावसबहीण व्हायची. पुण्यात तेवढ्या मावश्या पुन्हा होणे नाही! आताची पोरं तोंडावर सांगतात, "फ्लॅटमेट आहोत, काका."

वर त्यांना कायदा पाठ. अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की सज्ञान स्त्री-पुरुष लग्नाविना एकत्र राहिले तर तो गुन्हा नाही. त्याआधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण दिलं होतंच. आणि हे चौघे तर म्हणतात, नातंबितं काही नाही, एकट्याला भाडं परवडत नाही. आता नातंच नाही म्हटल्यावर आक्षेप घ्यायचा कशाला? उत्तराखंडचा हेवा वाटतो. तिथे 27 जानेवारी 2025 पासून लिव्ह-इन जोडप्यांना सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. आपल्याकडे नोंदणी होते ती भाडेकराराची, आणि त्यावर चौघांचे अंगठे आधीच उमटलेत.

तेव्हा 'संस्कृती' खोडा आणि 'पार्किंग' लिहा. चार दुचाक्या, जागा एक. 'सेफ्टी', 'कचऱ्याचं वर्गीकरण' हेही चालतील. तीच चीड, फक्त कपडे नवे.

फ्लॅटमालकाला पटवायला जाऊ नका. तो फार पुरोगामी झालाय. कुटुंब 28 हजारांवर घासाघीस करतं, हे चौघे दहा-दहा हजार काढून 40 देतात. "काळ बदललाय हो," असं तो म्हणेल. काळ बरोबर 12 हजारांनी बदललाय. त्याला जबर दंड लावायचा म्हणाल, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो, त्याबद्दल सोसायटी घेते ते पैसे) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाहीत. तेवढ्यात तो वठणीवर येत नाही.

गणपतीचे दहा दिवस मात्र मोहीम थांबवा. मखर, साउंड, विसर्जनाला मूर्ती उचलणं, सगळं हेच करतात. तेवढे दिवस ती 'आपली मुलं'. मूर्ती पाण्यात गेली की पुन्हा 'ते बी-703 वाले'.

तळमजल्यावरच्या आजींपासून सावध राहा. त्यांनी खोदून चौकशी केली, पण भलतीच. "तुमच्यात भाकऱ्या कोण थापतं?" त्यातल्या बीडच्या मुलाने हात वर केला. तेव्हापासून विरजणाची वाटी सातव्या मजल्यावर जाते आणि आजी कमिटीच्या कोणत्याही अर्जावर सही करत नाहीत.

शेवटचं काम म्हणजे नोटीस. 'अविवाहित भाडेकरूंबाबत नियम', कडक भाषेत. ऑफिसचा प्रिंटर बंद आहे आणि झेरॉक्सवाला दुपारी एक ते चार झोपतो, त्यामुळे प्रिंट काढायला तुम्हाला बी-703 मध्येच जावं लागेल. संकोच नको. मुलगी पाणी देईल, फाइल उघडेल, शांतपणे वाचेल.

"काका, 'नियम'ला पहिली वेलांटी. तुम्ही दुसरी दिलीय. बदलू?"