१० पैकी ३

आज दुपारी भाची तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन आली आणि माझे डोके फिरले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीने अमेरिकन लेखिका केट शोपॅनच्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या कथेतल्या लुईस मॅलर्डचे स्वभावचित्रण गाईडला हात न लावता, स्वतःच्या बुद्धीने लिहिले, आणि सरांनी त्याला १० पैकी ३ गुण देऊन लाल शाईने शेरा मारला : ‘पतिनिष्ठेचा अभाव हा मुख्य दोष लिहिला नाही.’

दोष म्हणे!

नवरा ब्रेंटली रेल्वे अपघातात गेल्याचे कळताच लुईस बहिणीच्या कुशीत धाय मोकलून रडते, हे सरांच्या नजरेतून कसे सुटले? त्यानंतर ती एकटी खोलीत जाते, उघड्या खिडकीसमोरच्या खुर्चीत अंग टाकते, आणि झाडांचे शेंडे, पावसाचा वास, चिमण्यांची किलबिल यांच्या मागोमाग काहीतरी तिच्याकडे चालून येते. ती घाबरते, त्याला परतवू पाहते, पण ते जुमानत नाही आणि तिच्या ओठांतून ‘मोकळी’ हा शब्द निसटतो. ही बाई आनंदाची वाट पाहत बसलेली नव्हती. आनंदानेच तिला गाठले.

मला हे वर्गात शिकावे लागले नाही, कारण मी माझ्या मोठ्या फुईला, म्हणजे आत्याला, पाहिले आहे.

मी बारा वर्षांची असेन. अमळनेरजवळच्या आमच्या गावी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी यायच्या, झोके बांधले जायचे, गौराईची गाणी रात्रीपर्यंत चालायची. फुई मात्र कितीतरी वर्षे आली नव्हती, कारण फुवांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिच्याच हातची भाकरी लागे. माणूस चांगला होता. त्यांनी कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. ते चैत्रात गेले आणि दुःखाची आखाजी म्हणून फुईला माहेरी आणले. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. रात्री मी पाणी प्यायला उठले, तर आम्हा मुलींसाठी निंबाला बांधलेल्या झोक्यावर ती एकटी, पदर खांद्यावर पडलेला, उंच उंच झोके घेत होती.

म्हणजे तिचे फुवांवर प्रेम नव्हते का? सकाळी तिच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली, आणि ती खोटी नव्हती. ब्रेंटलीचे मायाळू हात निर्जीव झालेले पाहिल्यावर आपण पुन्हा रडू, हे लुईसलाही पक्के ठाऊक आहे. तिचे त्याच्यावर प्रेम होते, कधीकधी; बऱ्याचदा नव्हते. तुम्हा मैत्रिणींना हे उलगडून सांगायला नको. नवरा मारझोड करणारा असता, तर सरांनीही लुईसला ७ गुण दिले असते! दुसऱ्याच्या जगण्यावर आपली इच्छा लादणे, हेतू मायेचा असला तरी, गुन्हाच आहे असे तिला वाटते, आणि त्यात ती पुरुषांबरोबर बायकांनाही धरते. फुवांना लागणारी ती भाकरीसुद्धा मायेचीच होती.

एका तासाच्या उमाळ्यावरून अख्ख्या संसाराचा निवाडा करू नये, असे कोणी म्हणेल, बरे, मान्य. पण ही कथा १८९४ साली जिने लिहिली, तिचे वडील रेल्वेच्याच अपघातात गेले होते आणि ती स्वतः ३२ व्या वर्षी, पदरी ६ मुले असताना विधवा झाली होती. वैधव्य म्हणजे काय, हे तिला सरांकडून शिकायचे नव्हते.

लिहिता लिहिता सरांची थोडी कीवही येऊ लागली आहे. त्यांनाही कोणीतरी असेच शिकवले असणार, आणि खिडकीशी बसलेली आपल्या घरची बाई काय विचार करते, हे त्यांनी कधी विचारले नसणार. तरी भाचीचे सर्वांत चांगले वाक्य त्यांनी खोडले, ते मी विसरणार नाही. तिने लिहिले होते की कथेत ती आधी ‘मिसेस मॅलर्ड’ असते आणि ‘लुईस’ हे नाव प्रथम ऐकू येते ते बहीण बंद दाराबाहेरून हाक मारते तेव्हा. पुढे खाली दारात किल्ली फिरते, ब्रेंटली जिवंत परततो, लुईस कोसळते आणि डॉक्टर सांगतात, आनंदाने गेली. सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी सर अजून डॉक्टरांच्याच बाजूला.

त्या रात्री आजीला जाग आली आणि तिने ओसरीवरून फुईला हाक मारली. सासरी ती कोणाची आई, कोणाची वहिनी. आजीने तिचे माहेरचे नाव घेतले. झोका थांबला. पदर डोक्यावर घेत फुई माझ्याजवळ आली, ‘वारा लागना, बरं वाटनं,’ एवढेच म्हणाली आणि आत गेली. सकाळी आम्ही मुली उठलो, तेव्हा कोणीतरी झोक्याचा दोर सोडून ठेवला होता.