फ्राईज की उकडलेला बटाटा?

कोल्हापुरात राजारामपुरीत सँडविचचं दुकान थाटायचं, भिंतीवर रंगीत दिवे सोडायचे आणि प्लेटीत काय? लुळे पडलेले फ्राईज! अरे, बटाटा दोनदा तळायचा असतो. आधी १५०-१६० अंशांवर चार-पाच मिनिटं, आत शिजेपर्यंत. मग गार करून १८०-१९० वर दोन-तीन मिनिटं, कुरकुरीत होईपर्यंत. फ्रोजन पाकीट वापरताय? वापरा की! ते अर्धवट तळूनच येतं, फ्रीजरमधनं थेट कडक तेलात टाकायचं. पण नाही. आमचे भाऊ आधी ते ओट्यावर वितळवणार, मग अख्खं पाकीट एकदम कढईत ओतणार. तेल गार पडतं, बटाटा तेल पितो. वर पार्सलचा डबा गच्च बंद! वाफ काय खिडकीतनं जाणार?

सँडविचला लोणी मधोमध रुपयाएवढं. कडेपर्यंत लावलं असतं तर काकडीचं पाणी पावात मुरलं नसतं.

आणि मिल्कशेक? ज्या गावात गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळतं, तिथं अर्धा ग्लास बर्फ फिरवून पांढरं पाणी विकता? दूध गार हवं, आईस्क्रीमचे दोन गोळे हवेत, बर्फ कशाला? तक्रार करा, उत्तर ठरलेलं: "आत्ताच तळलंय की ओ!"