तक्रार फक्त रेंजची नव्हती

कोरोनाकाळावरच्या एका लेखात ऑनलाइन शिक्षणावरची विद्यार्थ्यांची नाराजी नेटवर्कपुरतीच मांडली आहे, ते पटलं नाही. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तिसरं वर्ष अख्खं मोबाईलवर गेलं. रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायचो, त्याचं काही वाटलं नाही. पण टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजणं, व्हिडिओ बघून कसं येणार? फेनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या सूचकाचा फिकट गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला टिकतो, हे ब्युरेटचा, म्हणजे थेंब सोडणाऱ्या मोजनळीचा, कॉक स्वतःच्या हाताने फिरवल्याशिवाय कळत नाही. आणि फी? प्रयोगशाळेसकट पूर्ण घेतली. सर्वांना चिंता परीक्षेची, आमच्या बुडालेल्या प्रात्यक्षिकांचं पुढे काय, हे कॉलेजात एकानेही विचारलं नाही. पहिल्या नोकरीत सीनियर ताईंनी ब्युरेट हातात देऊन शिकवलं, तेव्हा पदवी माझ्या खिशात होती.